एका बैठकीत अनेक दंतोपचार: अमेरिकी दंतविम्याचा हिशेब कसा होतो

अमेरिकेत दंतवैद्याकडे गेलेल्या रुग्णाची एकाच बैठकीत तपासणी झाली, एक्स-रे काढले गेले, दातांची सफाई झाली आणि एका दाढेतील कीड काढून ती भरली गेली, तर त्या बैठकीचे बिल एका ठोक रकमेचे नसते. प्रत्येक कामाची वेगळी ओळ, प्रत्येक ओळीला वेगळा सांकेतिक क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला वेगळे शुल्क अशी त्याची मांडणी असते, आणि हीच मांडणी दवाखान्याकडून विमा कंपनीकडे दावा म्हणून पाठवली जाते. काही दिवसांनी कंपनीचे हिशेबपत्रक रुग्णाच्या हाती पडते, तेव्हा काही ओळींसमोर पूर्ण रक्कम, काहींसमोर तिचा काही भाग आणि एखाद्या ओळीसमोर शून्य असते, आणि त्या शून्याखाली ‘ही सेवा दुसऱ्या सेवेत अंतर्भूत आहे’ असा शेरा असतो. दवाखान्याने जादा बिल लावले किंवा कंपनीने पैसे बुडवले, यांपैकी एक निष्कर्ष रुग्ण अशा वेळी काढतो, पण बहुतेकदा या शून्यामागचे खरे कारण तिसरेच असते.

हे कारण समजण्यासाठी तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. पहिला प्रश्न असा की तोंडात प्रत्यक्ष कोणते काम झाले. याचे उत्तर दंतवैद्याची नोंद देते. दुसरा प्रश्न असा की ते काम स्वतंत्र मोजायचे की त्याच दिवशी झालेल्या दुसऱ्या कामाचा भाग मानायचे. याचे उत्तर काही अंशी संकेतावली देते आणि काही अंशी विमा कंपनीचे नियम देतात. तिसरा प्रश्न असा की मोजलेल्या कामाचे पैसे कोण आणि किती देणार. याचे उत्तर केवळ विम्याच्या करारात असते. एका दिवशी एकच काम झाले, तर हे तीन प्रश्न सहसा एकमेकांत मिसळत नाहीत, पण एका दिवशी चार-पाच कामे झाली की ते गुंततात, आणि रुग्ण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दवाखान्याला आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर विमा कंपनीला विचारत राहतो.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना ही व्यवस्था विशेष अनोळखी वाटते, कारण महाराष्ट्रात दाताच्या दवाखान्यातील व्यवहार बहुतांशी रोखीचा असतो: डॉक्टर कामाची रक्कम सांगतात, रुग्ण ती देतो आणि मध्ये तिसरा कोणी नसतो. अमेरिकेत मात्र नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आरोग्यविमा, दंतविमा आणि दृष्टिविमा अशा तीन वेगळ्या योजनांपुढे खूण करावी लागते, आणि त्यांतील दंतविम्याचे माहितीपत्रक दाढ दुखेपर्यंत सहसा कोणी वाचत नाही.

दंतविम्याची घडण

अमेरिकेतील दंतविम्याची सुरुवात १९५४ च्या सुमारास पॅसिफिक किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या चळवळीतून झाली. गोदी कामगारांची संघटना आणि जहाज कंपन्यांची संघटना यांच्या संयुक्त कल्याण निधीतून कामगारांच्या मुलांच्या दातांवर उपचार करण्याची योजना आखली गेली, आणि ती राबवण्यासाठी वॉशिंग्टन राज्यात दंतवैद्यांनी सेवा महामंडळ स्थापन केले, ज्याचा वारसा आजच्या ‘डेल्टा डेंटल’ या नावाकडे आला आहे. पुढे १९६५ मध्ये ज्येष्ठांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी योजना आली, पण नेहमीचे दंतोपचार तिच्यातून वगळले गेले. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने लहान मुलांच्या दंतोपचारांना अत्यावश्यक लाभांत स्थान दिले, प्रौढांच्या दंतोपचारांना मात्र दिले नाही. दात आणि शरीर यांची अशी कागदोपत्री फारकत झाल्यामुळे दंतविमा हा आरोग्यविम्यापेक्षा वेगळ्या घडणीचा राहिला.

ही घडण समजून घेणे आवश्यक आहे. आरोग्यविम्यात रुग्णाने वर्षभरात ठरावीक रक्कम खर्च केली की पुढचा भार कंपनी उचलते; दंतविम्यात याच्या उलट, कंपनीने वर्षभरात ठरावीक रक्कम दिली की पुढचा सारा भार रुग्णावर येतो. या रकमेला वार्षिक कमाल मर्यादा म्हणतात आणि अनेक योजनांत ती १,००० ते २,००० डॉलरच्या दरम्यान असते. मर्यादेच्या आत कामांचे तीन गट केलेले असतात: तपासणी, एक्स-रे आणि सफाई या प्रतिबंधक कामांचे शंभर टक्के, दात भरणे किंवा साधेपणाने काढणे या मूलभूत कामांचे ऐंशी टक्के, आणि कॅप, ब्रिज किंवा कवळी या मोठ्या कामांचे पन्नास टक्के, अशी विभागणी सर्वाधिक रूढ आहे. याशिवाय डिडक्टिबल, म्हणजे कंपनी पैसे देऊ लागण्यापूर्वी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम असते. ती सहसा वर्षाला ५० डॉलरच्या आसपास असते आणि प्रतिबंधक कामांना बहुधा लावली जात नाही. एका दिवसाच्या बिलातील ओळी या वेगवेगळ्या गटांत विखुरलेल्या असल्यामुळे त्यांची टक्केवारी ओळीगणिक बदलते.

संकेतांक, दात आणि पृष्ठभाग

दाव्याच्या प्रत्येक ओळीवरील सांकेतिक क्रमांक अमेरिकन डेंटल असोसिएशनने तयार केलेल्या संकेतावलीतून येतो. ही संकेतावली प्रथम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याखालील नियमांनी इलेक्ट्रॉनिक दंतदाव्यांसाठी ती अधिकृत ठरवली. प्रत्येक संकेतांक ‘डी’ या अक्षराने सुरू होतो आणि त्यापुढे चार अंक असतात. डी ०१२० म्हणजे नियमित तपासणी, डी ०२७४ म्हणजे दाढांमधील फटी दाखवणारे चार ‘बाइटविंग’ एक्स-रे, डी १११० म्हणजे प्रौढांच्या दातांची सफाई, डी २७४० म्हणजे सिरॅमिकची कॅप आणि डी ३३३० म्हणजे दाढेचे रूट कॅनल. संकेतावलीत दरवर्षी १ जानेवारीपासून बदल लागू होतात, आणि उपचार ज्या दिवशी झाला त्या दिवशी जो संकेतांक प्रचलित होता, तोच वापरावा लागतो.

संकेतांकाच्या जोडीला दात कोणता हेही लिहावे लागते, आणि भारतातून आलेल्या रुग्णाने येथे विशेष सावध राहिले पाहिजे. भारतात प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश दाखवतो आणि दुसरा अंक मधल्या रेषेपासूनचा दात. अमेरिकेत मात्र वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ मोजायला सुरुवात करून खालच्या उजव्या अक्कलदाढेपर्यंत ३२ दात सलग मोजले जातात. त्यामुळे पुण्यातील केसपेपरवरचा २६ हा वरच्या डाव्या बाजूच्या पहिल्या दाढेचा क्रमांक असतो, तर अमेरिकेतील दाव्यावरचा २६ हा खालच्या उजव्या बाजूच्या एका पटाशीच्या दाताचा असतो. भारतात पूर्वी झालेल्या उपचारांची माहिती देताना केवळ क्रमांक सांगितला, तर नोंद चुकीच्या दातावर होऊ शकते. म्हणून क्रमांकाबरोबर वर की खाली, उजवी की डावी बाजू आणि कोणती दाढ हे शब्दांतही सांगावे.

दात भरण्याच्या कामात पृष्ठभागही लिहावा लागतो. प्रत्येक दाढेला चावण्याचा, गालाकडचा, जिभेकडचा, पुढच्या दाताला लागून असलेला आणि मागच्या दाताला लागून असलेला असे पाच पृष्ठभाग मानले जातात, आणि भरणीचे शुल्क किती पृष्ठभाग भरले यावर ठरते. हिरड्यांच्या कामात दाताऐवजी जबड्याचा चतुर्थांश लिहितात. संकेतांक, दात, पृष्ठभाग किंवा चतुर्थांश आणि तारीख या घटकांनी दाव्याची एक ओळ पूर्ण होते, आणि एका दिवसातील दोन ओळींमध्ये विरोध आहे की नाही, हे कंपनीची संगणकप्रणाली याच घटकांची तुलना करून ठरवते. असोसिएशनच्या छापील दावापत्रावर अशा दहा ओळींची जागा असते. कामे त्याहून अधिक झाली, तर दुसरे पत्र जोडावे लागते.

एक बिल, जवळून पाहिलेले

एका काल्पनिक रुग्णाचे बिल उदाहरणादाखल घेता येईल. त्यातील रकमा केवळ हिशेब समजावण्यासाठी मांडलेल्या आहेत. रुग्णाची योजना शंभर-ऐंशी-पन्नास टक्क्यांची आहे, डिडक्टिबल ५० डॉलर आहे, वार्षिक मर्यादा १,५०० डॉलर आहे आणि दंतवैद्य कंपनीच्या नेटवर्कमधील आहे, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या दरांत काम करण्याचा करार त्याने केलेला आहे. एका दिवशी नियमित तपासणी झाली, तिचा दर ४० डॉलर. चार बाइटविंग एक्स-रे झाले, त्यांचा दर ५० डॉलर. सफाई झाली, तिचा दर ८० डॉलर. आणि ३० क्रमांकाच्या दाढेत दोन ठिकाणची कीड काढून दाताच्या रंगाच्या दोन छोट्या भरणी केल्या गेल्या, एक चावण्याच्या पृष्ठभागावर आणि दुसरी गालाकडच्या पृष्ठभागावर. एका पृष्ठभागाच्या भरणीचा संकेतांक डी २३९१ असून तिचा दर १३० डॉलर आहे, म्हणून दवाखान्याने दोन ओळींत मिळून २६० डॉलर लावले.

पहिल्या तीन ओळींचे १७० डॉलर कंपनी पूर्ण देते. भरणीच्या दोन ओळी मात्र ती एकत्र करते, कारण एकाच दाढेवर एकाच दिवशी दोन पृष्ठभाग भरले गेले असतील, तर ती दोन पृष्ठभागांची एकच भरणी मानावी, असा अनेक कंपन्यांचा नियम असतो. दोन पृष्ठभागांच्या भरणीचा संकेतांक डी २३९२ आणि दर १८० डॉलर. त्यातून डिडक्टिबलचे ५० डॉलर वजा केले की १३० उरतात, आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांप्रमाणे कंपनी १०४ डॉलर देते. रुग्णाने ७६ डॉलर द्यायचे असतात. दवाखान्याने लावलेल्या २६० आणि मान्य झालेल्या १८० यांतील ८० डॉलरचा फरक या करारानुसार नेटवर्कमधील दंतवैद्याला सोडून द्यावा लागतो आणि तो रुग्णाकडून घेता येत नाही. एकमेकींना न लागणाऱ्या दोन भरणी स्वतंत्र ओळींवर नोंदवण्यात दंतवैद्याची चूक झालेली नसते, कारण संकेतावलीच्या दृष्टीने ती कामे खरोखर दोन आहेत. त्यांचे मोल एक म्हणून करायचे, हे कंपनीच्या करारातले कलम आहे. या क्रियेला बंडलिंग, म्हणजे एकत्रीकरण, असे म्हणतात.

आता याच योजनेत आणखी एक कलम आहे असे मानू: दाढेला दाताच्या रंगाची भरणी केली, तरी पैसे चांदीच्या भरणीच्या दराने दिले जातील. याला पर्यायी लाभाचे कलम म्हणतात, आणि त्याचे तत्त्व असे की एकाच दुखण्यावर दोन योग्य उपचार असतील, तर कंपनी स्वस्त उपचाराइतकेच पैसे देईल. दोन पृष्ठभागांच्या चांदीच्या भरणीचा दर १२० डॉलर धरला, तर त्यातून ५० वजा करून उरलेल्या ७० चे ऐंशी टक्के, म्हणजे ५६ डॉलर, कंपनी देते आणि १८० मधील उरलेले १२४ डॉलर रुग्णाला भरावे लागतात. एकत्रीकरणामुळे कमी झालेले ८० डॉलर या रुग्णाने द्यायचे नव्हते, पण पर्यायी लाभामुळे कमी झालेली रक्कम मात्र त्यानेच द्यायची आहे. हिशेबपत्रकात दोन्ही कपाती शेजारीशेजारी छापलेल्या असतात. त्यांतील फरक शेऱ्याच्या बारीक अक्षरांत सांगितलेला असतो, आणि तो न वाचणारा रुग्ण एकतर न लागणारे पैसे भरतो किंवा लागणाऱ्या पैशांवरून दवाखान्याशी वाद घालतो.

या फरकासाठी विमा व्यवहारात दोन वेगळे शब्द रूढ आहेत. ओळ ‘डिसअलाउड’ झाली, तर तिचे पैसे नेटवर्कमधील दंतवैद्याला कोणाकडूनच घेता येत नाहीत. ओळ ‘डिनाइड’ झाली, तर कंपनी पैसे देत नाही आणि ती रक्कम रुग्णाच्या माथी येते. दंतवैद्य नेटवर्कबाहेरचा असेल, तर कंपनीचा करार त्याला बांधत नाही आणि पहिल्या प्रकारची कपातही रुग्णावर येऊ शकते. एका दिवशी अनेक कामे करून घेणाऱ्या रुग्णाने नेटवर्कची चौकशी आधी का करावी, याचे सर्वांत ठोस कारण हेच आहे.

एकत्रीकरण कुठे कुठे होते

एक्स-रेच्या बाबतीत एकत्रीकरण सर्वाधिक आढळते. संपूर्ण तोंडाच्या एक्स-रे मालिकेत सहसा १४ ते २२ प्रतिमा असतात, आणि बहुतेक योजना ही मालिका तीन ते पाच वर्षांतून एकदाच मान्य करतात. एका दिवशी काढलेल्या सुट्या एक्स-रेंचे एकूण शुल्क या मालिकेच्या दराइतके किंवा त्याहून अधिक झाले, अथवा संपूर्ण जबड्याचा पॅनोरामिक एक्स-रे आणि बाइटविंग एकाच दिवशी काढले गेले, तर अनेक कंपन्या ती सारी कामे एक मालिका म्हणून मोजतात. यात केवळ रक्कम कमी होत नाही. तीन ते पाच वर्षांतून एकदा मिळणारा हक्कही त्याच दिवशी खर्ची पडतो, आणि पुढे वर्षभरात खरी मालिका काढावी लागली, तर तिचे पैसे मिळत नाहीत.

हिरड्यांच्या उपचारांत दिवसाचा प्रश्न वैद्यकीय कारणानेही महत्त्वाचा असतो. हिरडी दातापासून सुटून खोल कप्पे तयार झाले, तर साधी सफाई पुरत नाही. हिरडीखालील मुळांवरचा थर खरवडून काढावा लागतो. चार किंवा अधिक दात असलेल्या चतुर्थांशासाठी या कामाचा संकेतांक डी ४३४१ आहे आणि तो प्रत्येक चतुर्थांशासाठी स्वतंत्र लावला जातो. हे काम सावकाशीचे असते आणि ते करताना बहुधा भूल द्यावी लागते. त्यामुळे चारही चतुर्थांश एकाच दिवशी झाले असा दावा आला, की कंपनी कप्प्यांची मिलिमीटरमधील मोजणी, हाडाची झीज दाखवणारे एक्स-रे आणि कधी कधी कामाला लागलेल्या वेळेची नोंदही मागते. अनेक योजना एका दिवशी दोनच चतुर्थांशांचे पैसे देतात. रुग्णाची प्रकृती नाजूक असल्यामुळे किंवा त्याला पूर्ण भूल द्यायची असल्यामुळे सारे काम एकदम उरकणे आवश्यक असेल, तर तसे कारण दाव्यासोबत लिहून पाठवावे लागते. याच दिवशी डी १११० ही साधी सफाईही लावली गेली, तर ती खोल सफाईत अंतर्भूत मानली जाण्याची शक्यता मोठी असते.

काही वेळा दोन कामे एका दिवशी न येण्याची अट संकेतावलीतच घातलेली असते. दातांवर इतका थर साचला असेल की हिरड्यांची नीट तपासणीच करता येत नाही, तर तो थर काढण्याचा संकेतांक डी ४३५५ आहे, आणि सर्वंकष तपासणी त्यानंतरच्या भेटीत व्हावी, हे त्याच्या व्याख्येतच अभिप्रेत आहे. त्यामुळे हा संकेतांक आणि सर्वंकष तपासणीचा डी ०१५० एकाच तारखेला लावले, तर येथे दोष दवाखान्याच्या नोंदीचा ठरतो.

रूट कॅनल आणि कॅप यांत अनेक कामे एकमेकांच्या पोटात असतात. दाढ बधिर करण्याचे इंजेक्शन आणि काम चालू असताना नळ्यांची लांबी पाहण्यासाठी काढलेले एक्स-रे रूट कॅनलच्या शुल्कातच धरले जातात. दाताचा वरचा भाग इतका उरला नसेल की कॅप टिकेल, तर आधी गाभा उभारावा लागतो. त्याचा संकेतांक डी २९५० हा वेगळा आहे, पण तो मान्य व्हावा यासाठी दात किती उरला होता, हे दाखवणारा एक्स-रे किंवा छायाचित्र द्यावे लागते, कारण केवळ खड्डा बुजवण्यासाठी केलेले भरण कंपनी कॅपच्या कामातच मोजते. दुखणे तात्पुरते थांबवण्यासाठी केलेल्या कामाला डी ९११० हा संकेतांक आहे. पण त्याच भेटीत त्या दातावर पूर्ण उपचार झाला, तर तात्पुरत्या कामाचे वेगळे पैसे बहुतेक योजना देत नाहीत. कॅपच्या बाबतीत दात तासण्याचा दिवस आणि कॅप बसवण्याचा दिवस वेगळे असतात, आणि अनेक कंपन्या कॅप बसवल्याची तारीख ग्राह्य धरतात; त्यामुळे मधल्या काळात नोकरी बदलली आणि जुना विमा संपला, तर तासलेल्या दाताचे बिल दोन विम्यांच्या फटीत अडकू शकते.

दात काढण्याच्या कामात टाके घालणे आणि नंतरची नेहमीची देखभाल शुल्कात धरलेली असते. अनेक अक्कलदाढा एकाच दिवशी काढताना प्रत्येक दाढेची ओळ वेगळी असते; खोल भूल दिली, तर तिचे मोजमाप पंधरा-पंधरा मिनिटांनी होते, म्हणून भूल सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ नोंदीत असावी लागते. काही योजनांत हाडात अडकलेल्या अक्कलदाढांचा दावा आधी आरोग्यविम्याकडे पाठवावा लागतो, आणि तिथे संकेतांक वेगळे असतातच, शिवाय एकाच दिवशीच्या दुसऱ्या आणि पुढच्या शस्त्रक्रियांचा दर कमी धरण्याची प्रथाही आढळते. दंतविम्यात सर्वसाधारणपणे अशी सरसकट घट नसते. तिथे घट होते ती एक काम दुसऱ्याचा भाग ठरल्यामुळे.

दोन विमे असतील तेव्हा

पती-पत्नी दोघेही नोकरी करत असलेल्या घरांत मुलांना दोन दंतविमे असणे सामान्य आहे, आणि अनेक मराठी घरांत हीच स्थिती असते. अशा वेळी मुलाचा दावा आधी कोणाच्या विम्याकडे जाईल, हे सहसा वाढदिवसाच्या नियमाने ठरते: आई किंवा वडील यांपैकी ज्यांचा वाढदिवस वर्षात आधी येतो, त्यांचा विमा पहिला, जन्मवर्षाचा त्याच्याशी संबंध नसतो. पहिल्या कंपनीचे हिशेबपत्रक आल्यावर ते जोडून दावा दुसऱ्या कंपनीकडे जातो. दोन विमे आहेत म्हणून प्रत्येक ओळ पूर्ण भरून निघेल, अशी अपेक्षा मात्र चुकीची ठरते, कारण पहिल्या कंपनीने आपल्याइतकेच किंवा अधिक पैसे दिले असतील, तर आपण काहीही देणार नाही, असे कलम काही योजनांत असते.

तारीख बदलण्याचा मोह

वार्षिक मर्यादा एका दिवसाच्या मोठ्या कामात संपून जाते, म्हणून काम दोन वर्षांत विभागण्याचा विचार डिसेंबरमध्ये अनेक रुग्णांच्या मनात येतो. एक कॅप डिसेंबरमध्ये आणि दुसरी जानेवारीत प्रत्यक्ष बसवली गेली आणि तसे थांबल्याने दाताला धोका नसेल, तर या विभागणीत काहीही गैर नाही. दोन्ही कामे एकाच दिवशी करून कागदावर मात्र दोन तारखा लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे: ती खोटी माहिती आहे, आणि रुग्णाच्या भल्यासाठी केली असली तरी ती विमा फसवणूक ठरते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नीतिसंहितेत उपचारांच्या चुकीच्या तारखा कळवणे स्पष्टपणे अनैतिक ठरवले आहे, आणि रुग्णाचा वाटा गुपचूप माफ करून कंपनीला पूर्ण रक्कम कळवणेही त्याच संहितेला मान्य नाही. एका कामाचे तुकडे पाडून त्यांचे वेगवेगळे संकेतांक लावणे, ज्याला अनबंडलिंग म्हणतात, हाही गैरव्यवहारच आहे. रुग्णाने तारीख बदलण्याची विनंती करू नये आणि दवाखान्याने तसे सुचवले, तर ते नाकारावे, कारण दाताची नोंद ही पुढच्या उपचारांचाही आधार असते.

कंपन्यांच्या बाजूनेही प्रश्न आहेत, हे येथे तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. उपचारांचे दर वाढत गेले, पण वार्षिक मर्यादा त्या प्रमाणात वाढली नाही, आणि एका दिवसाची मर्यादा रुग्णाला विनाकारण दुसऱ्यांदा भूल घ्यायला, दुसऱ्यांदा रजा काढायला लावते, तेव्हा ती उपचाराच्या सोयीपेक्षा खर्चाच्या नियंत्रणासाठीच असते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये सार्वमताने असा नियम मंजूर केला की दंतविमा कंपन्यांनी हप्त्यांच्या रकमेपैकी किमान ८३ टक्के रक्कम रुग्णांच्या उपचारांवर खर्च करावी. कंपन्यांनी घेतलेल्या हप्त्याचे उत्तर द्यावे, ही मागणी त्यातून लोकमताच्या बळावर पुढे आली, आणि ती रास्त आहे.

रुग्णाने काय करावे

मोठ्या किंवा अनेक कामांचा बेत ठरला की उपचारापूर्वी दवाखान्यामार्फत कंपनीकडून लेखी पूर्वअंदाज मागवावा. त्याला प्रीडिटर्मिनेशन म्हणतात. त्यात प्रत्येक संकेतांकासमोर कंपनीची आणि रुग्णाची अपेक्षित रक्कम दिलेली असते. हा पूर्वअंदाज म्हणजे पैशांची हमी नव्हे, कारण मधल्या काळात दुसऱ्या दाव्यांनी मर्यादा संपू शकते. तरीही कोणत्या ओळी एकत्र केल्या जातील आणि कोणत्या स्वस्त पर्यायाच्या दराने मोजल्या जातील, हे त्यातून आधीच कळते. दवाखान्याला तीन गोष्टी विचाराव्यात: ही सारी कामे एका दिवशी करणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे की केवळ सोयीचे, एका दिवशी केल्यास कोणत्या ओळी कापल्या जातील, आणि कापलेली रक्कम दवाखाना सोडून देणार की रुग्णाकडून घेणार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘आवश्यक’ असे असेल, तर उरलेल्या दोन प्रश्नांसाठी उपचार लांबवू नये. सुजलेली दाढ विमावर्ष संपण्याची वाट पाहत नाही.

उपचारानंतर दवाखान्याचे बिल आणि कंपनीचे हिशेबपत्रक समोरासमोर ठेवून एकेक ओळ जुळवावी. हिशेबपत्रक म्हणजे बिल नव्हे. त्यातील रुग्णाच्या वाट्यापेक्षा नेटवर्कमधील दवाखान्याने अधिक रक्कम मागितली, तर आधी कारण विचारावे आणि मगच पैसे भरावेत. एखादी ओळ अंतर्भूत ठरवली गेली आणि दंतवैद्याच्या मते ते काम खरोखर स्वतंत्र होते, तर एक्स-रे, छायाचित्रे आणि लेखी कारण जोडून अपील करता येते. नोकरीतून मिळणाऱ्या योजनांत अपिलासाठी सहसा किमान १८० दिवसांची मुदत असते. अपील फेटाळले गेले, तर विमा कंपनीने जोखीम घेतलेल्या योजनेची तक्रार राज्याच्या विमा विभागाकडे, आणि मालकाने स्वतःच्या निधीतून चालवलेल्या योजनेची तक्रार केंद्रीय श्रम खात्याकडे जाते. आपली योजना यांपैकी कोणती, हे नोकरीच्या ठिकाणच्या मनुष्यबळ विभागाला विचारून आधीच कळून घ्यावे.

एका बैठकीत किती कामे करायची, हे दातांची अवस्था पाहून दंतवैद्याने आणि रुग्णाने मिळून ठरवायचे असते. विम्याचा करार त्या निर्णयाची किंमत सांगतो, निर्णय देत नाही. ती किंमत आधी विचारून घेणाऱ्या आणि नंतर ओळीओळीने तपासणाऱ्या रुग्णाची फसगत क्वचितच होते, म्हणून दंतविमा असलेल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या योजनेचे माहितीपत्रक दाढ दुखण्याआधीच एकदा शेवटपर्यंत वाचून ठेवावे.